224 म्हणजे काय, हे आम्ही कोणाला विचारायचं?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर वाईनची द्राक्षं आहेत. भाचीच्या साखरपुड्याच्या रात्री घरच्याच माणसांत एक बाटली उघडली. मी दमेकरी, आजवर दारूला शिवले नव्हते. ‘मावशी, आपल्याच द्राक्षांची आहे,’ असा पोरांनी आग्रह केला म्हणून चार घोट घेतले. थोड्याच वेळात छाती आवळली. पंप दोनदा मारला तरी श्वास सापडेना. मला जीपमध्ये घालून नाशिकला नेलं. वाटेत हात धरून बसलेल्या भाचीचं रडणं ऐकू येत होतं, पण ‘रडू नको’ एवढं म्हणायलाही हवा नव्हती.

बाटलीवर काय लिहिलंय, असं डॉक्टरांनी विचारलं. मुलानं फोटो मोठा करून वाचलं, ‘प्रिझर्वेटिव्ह 224’. म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि काही दमेकऱ्यांना तो सोसत नाही. हे मला ऑक्सिजनच्या नळीखाली कळलं.

मी तक्रार केली. सव्वा महिन्यानं एका ओळीत उत्तर आलं: लेबल नियमानुसार आहे, तक्रार निकाली.

मंत्रिमहोदय, मग नियमच चुकला आहे. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या तुमच्या नियमावलीनं दारू आरोग्याला घातक असल्याचा इशारा बाटलीवर सक्तीचा केला, पण पोषणाची माहिती छापूच नये असं ठरवलं. पुढे कॅलरी लिहायची मुभा दिली, तीही ऐच्छिक. दारू पौष्टिक वाटायला नको, हे मला पटतं. पण वाईनच्या दीडशे मिलीच्या पेल्यात शंभरावर कॅलरी असतात, हे मधुमेह्यानं ओळखायचं कसं? वाईन नितळ करायला कुठे अंड्यातला पांढरा भाग वापरतात, कुठे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. माळकरी घरातल्या पोराला हे कोण सांगणार?

युरोपीय संघात 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाईनवर घटक आणि पोषणाची माहिती सक्तीची आहे. ती क्यूआर कोडमागे देता येते, पण ॲलर्जीचे घटक आणि कॅलरी बाटलीवरच लागतात. बाहेरून येणाऱ्या वाईनलाही हे लागू आहे. म्हणजे आमच्या नाशिकची वाईन तिकडे गेली की तिला सगळं सांगावं लागतं. इथल्या माणसाचा जीव स्वस्त आहे का?

आम्ही फवारणीचं प्रत्येक औषध तारखेसकट वहीत लिहितो. बचत गटाच्या पापडाच्या पाकिटावर घटक लागतात. जानेवारी 2022 मध्ये राज्यानं सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेऊन भांडण झालं. बाटलीत काय आहे, यावर चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही. अन्नाचे नियम दिल्लीचे, उत्पादन शुल्क मुंबईचं. महसूल मोजायला सगळे हजर, उत्तर द्यायला कोणी नाही.

224 या आकड्याशेजारी ‘सल्फाइट आहे, दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो’ असं मराठीत, डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात छापायला लावा. घटकांची यादी सक्तीची करा. ‘नियमानुसार’ हे उत्तर मला पुन्हा पाठवू नका.

आपली,
दिंडोरी तालुक्यातली एक द्राक्ष बागायतदार