प्रतीकांची चौकट आणि चष्म्याची काच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीला शंभर वर्षं झाली म्हणून आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. पुस्तक १० एप्रिल १९२५ला आलं, कादंबरीकार फिट्झगेराल्डच्या हयातीत त्याचा म्हणावा तसा खप झाला नाही, १९४०मध्ये तो गेला आणि नंतर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना वाटायला छापलेल्या छोट्या पुस्तकांत याच्या दीड लाखाच्या आसपास प्रती गेल्या, तेव्हा कुठे पुस्तकाला पुन्हा वाचक मिळाले, हे सगळं त्या लेखात छान सांगितलं आहे. माझं म्हणणं आहे ते लेखाखालच्या चौकटीबद्दल. ‘कादंबरीतील प्रतीके’ असा मथळा आणि खाली चार ओळी. हिरवा दिवा : आशा. एकलबर्गचे डोळे : ईश्वराची नजर. राखेचं खोरं : नैतिक अधःपतन. पिवळा रंग : पैसा.

मी लालबागला चष्म्याचं दुकान चालवते. सासऱ्यांनी सुरू केलं, मग यजमान बघायचे, आता बावीस वर्षं मीच. संध्याकाळी चार ते नऊ मदतीला एक मुलगी येते. गोवंडीच्या शिवाजीनगरला राहते, सकाळी कॉलेज करते, इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ही कादंबरी नेमलेली आहे. गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरवर वाचत बसते. मीही एके काळी इंग्रजीच घेतलं होतं, त्यामुळे अडलं की विचारते. असं करत गेल्या दोन महिन्यांत आम्ही दोघींनी ते पुस्तक सबंध वाचलं. आपली चौकट तिने कापून वहीत डकवली, कारण तिच्या गाइडमध्येही अगदी हेच आहे आणि परीक्षेत हेच लिहायचं असतं. डकवून झाल्यावर फेविकॉलचं झाकण लावता लावता ती हळूच म्हणाली, “काकू, राख म्हणजे नैतिक अधःपतन लिहिलंय. मग आम्ही काय?”

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. समोर एक आजोबा नवा नंबर घालून बघत होते, त्यांच्याकडे वळले. पण रात्री शटर ओढताना तेच डोक्यात होतं, म्हणून हे पत्र.

तिचं घर देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागून आहे. ते ग्राउंड १९२७ सालचं, म्हणजे या कादंबरीहून दोनच वर्षांनी लहान. २०१६च्या जानेवारीत तिथल्या कचऱ्याला मोठी आग लागली, धूर दिवसचे दिवस हटला नाही, त्या भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ही तेव्हा शाळेत होती. वाळत घातलेल्या गणवेशावर काळे कण बसायचे आणि आई ते झटकायची नाही, झटकले की डाग पसरतो म्हणून फुंकरीने उडवायची, असं तिने सांगितलं. हार्बरच्या गाडीत गोवंडी-मानखुर्द आलं की नाकाला रुमाल लावणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. फिट्झगेराल्डच्या राखेच्या खोऱ्याजवळही आगगाडी थांबते. खाडीवरचा पूल बोटींसाठी उचलला की गाडीतल्या उतारूंना कधी कधी अर्धा तास तो भकास देखावा बघत बसावं लागतं. बघतात ते उतारू. राहतो तो जॉर्ज विल्सन, गॅरेजवाला, ज्याच्या सुटावर आणि केसांवर राख बसलेली आहे.

आणि ती राख मनाने रचलेली नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना नावाच्या ठिकाणी खरोखरच राखेचे डोंगर होते. ब्रुकलिनच्या घराघरांतल्या कोळशाच्या भट्ट्यांची राख आगगाडीने आणून तिथे ओतली जायची. पुढे ती जागा सपाट करून तिथे १९३९चं जागतिक प्रदर्शन भरलं, आज तिथे बाग आहे. म्हणजे हिवाळ्यात ज्यांची घरं ऊबदार राहिली त्यांची राख ही. अधःपतन झालंच असेल तर ते राख पाठवणाऱ्या बाजूला शोधायला हवं. चौकटीतल्या त्या ओळीने ते उचलून विल्सनच्या दारात टाकलं. माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे.

कादंबरीत याचा धागाही दिलेला आहे, पण चौकटीत तो कुणी घेत नाही. कादंबरीचा श्रीमंत नायक गॅट्सबी, त्याच्या घरी पार्ट्यांसाठी दर शुक्रवारी शहरातल्या फळवाल्याकडून संत्री-लिंबांची पाच खोकी येतात आणि सोमवारी त्याच फळांच्या पिळून काढलेल्या वाट्यांचा ढीग मागच्या दाराने बाहेर पडतो. स्वयंपाकघरात रस काढायचं यंत्र आहे, अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस काढणारं, पण त्यासाठी बटलरच्या अंगठ्याने ते बटण दोनशे वेळा दाबावं लागतं. आमची मुलगी या वाक्यावर थांबली. तिने आपला अंगठा दाबून पाहिला. तिची आई एका केटररकडे लग्नाच्या सीझनमध्ये कामाला जाते.

आता डोळ्यांकडे येते, कारण तो माझ्या धंद्याचा विषय आहे. राखेच्या त्या माळावर एक जुनी जाहिरातीची पाटी आहे. डॉक्टर टी. जे. एकलबर्ग, डोळ्यांचा डॉक्टर. प्रचंड निळे डोळे, चेहरा नाही, नाक नाही, फक्त मोठा पिवळा चष्मा. फिट्झगेराल्डने त्या डोळ्यांचे ‘रेटिना’ यार्डभर उंच आहेत असं लिहिलंय. ही चूक आहे. रेटिना म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, तो पाटीवर काय, समोरच्या माणसाच्या डोळ्यातही असा दिसत नाही. त्याला बुबुळ म्हणायचं असणार. पण पुढचं मात्र त्याने इतकं बरोबर लिहिलंय की मला आमचीच पाटी आठवली. कुणा डॉक्टरने धंदा वाढावा म्हणून ती लावली आणि मग तो स्वतः कायमचा आंधळा झाला किंवा पाटी विसरून दुसरीकडे राहायला गेला. उन्हापावसात रंग न लागल्याने ते डोळे जरा विटले आहेत.

आमच्या दुकानावर सासऱ्यांच्या वेळची पत्र्याची पाटी होती. तिच्यावरही दोन डोळे आणि चष्मा, परळच्या एका पेंटरने हाताने काढलेले. दरवर्षी गणपतीच्या आधी सासरे तिला रंग काढून घ्यायचे. पाऊस आधी बाहुलीचा काळा रंग खातो, कारण तो सगळ्यांत शेवटी, वरून लावलेला असतो. बाहुली गेली की डोळा आंधळा दिसतो. १९८२च्या संपानंतर आमच्या रस्त्यावर अशा कितीतरी पाट्या विटत गेल्या. शिंपी, खानावळ, घड्याळवाला. दुकान बंद, पाटी तशीच. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, पाटीला रंग लागला नाही याचा अर्थ मालक राहिला नाही. एकलबर्गच्या पाटीचा पहिला अर्थ मला तोच दिसतो. तिथे कुणी नाही. ज्याने ती लावली तो कधीच निघून गेला.

मग ईश्वर कुठून आला? तो आणला विल्सनने. बायको मर्टल मोटारीखाली गेली, रात्रभर तो माणूस झोपलेला नाही, पहाटे खिडकीतून बाहेर बघत म्हणतो की तिला मी याच खिडकीशी आणून सांगितलं होतं, मला फसवशील, देवाला फसवू शकणार नाहीस. मागे त्याचा शेजारी मायकेलिस उभा आहे. त्याच्या लक्षात येतं की हा बघतोय ते एकलबर्गच्या डोळ्यांकडे. तो दचकतो आणि समजावतो, अरे, ती जाहिरात आहे. हे समजावणं लेखकाने मुद्दाम तिथे ठेवलंय. पाटीत देव आहे असं कादंबरी म्हणत नाही. ज्याचं ऐकणारं कुणीही उरलेलं नाही अशा एका माणसाला, निघून गेलेल्या डॉक्टरच्या पाटीत देव दिसतो. ‘ईश्वराची नजर’ एवढंच लिहिलं की विल्सनचं एकटेपण गळून जातं, आणि त्या प्रसंगात तेच तर आहे.

हिरव्या दिव्याचंही तसंच. माझं माहेर वरळी कोळीवाड्यातलं. रात्री पाण्यापलीकडे वांद्र्याचे दिवे दिसायचे. बाबा सांगायचे, बोटीच्या उजव्या अंगाला हिरवा आणि डाव्या अंगाला तांबडा, म्हणजे हिरवा दिसला की तिची उजवी कूस आपल्याकडे आहे. लांबचा दिवा बघताना डोळे बारीक करायची सवय मला तेव्हापासूनची. गॅट्सबी पहिल्यांदा दिसतो तो असाच, अंधारात पाण्याकडे हात पसरून उभा, आणि समोर काय तर एक बारीकसा हिरवा दिवा. इथपर्यंत ‘आशा’ म्हणा, माझी हरकत नाही. पण पाचव्या प्रकरणात त्याची जुनी प्रेयसी डेझी त्याच्या शेजारी उभी आहे, आणि तो तिला सांगतो की धुकं नसतं तर तुझं घर इथून दिसलं असतं, तुझ्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर हिरवा दिवा असतो. ती त्याच्या दंडात हात घालते, पण हे बोलता बोलता त्याच्या मनात काहीतरी सरकलेलं असतं. गोष्ट सांगणारा निक म्हणतो, आता तो पुन्हा धक्क्यावरचा एक साधा दिवा झाला, गॅट्सबीकडच्या जादूच्या वस्तूंतली एक कमी झाली. लेखकाने स्वतःच्या हाताने त्या प्रतीकाची ज्योत मंद केली आहे, तीही नायकाला हवं ते मिळालं त्याच घटकेला. मला तरी सबंध पुस्तकातलं सगळ्यांत दुःखाचं वाक्य तेच वाटतं. आणि गाइडमध्ये दिवा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखाच जळतो.

पिवळ्या रंगाबद्दल एकच सांगते. मर्टलला उडवणारी गॅट्सबीची गाडी पिवळी होती हे सगळ्यांना पाठ असतं. पण मायकेलिसने पहिल्या पोलिसाला ती फिकट हिरवी होती असं सांगितलं. वेळ दिवेलागणीची. त्या वेळी आपल्या डोळ्याची रंगांची जाण बदलते, तांबडे काळवंडतात आणि हिरवे-निळे उजळ वाटतात. मी गिऱ्हाइकांना फ्रेमचा रंग दिवसाउजेडी दारात नेऊन बघायला सांगते ते त्यासाठीच. विल्सनने ज्या गाडीवरून गॅट्सबीचा जीव घेतला तिचा रंग डोळ्यांदेखत बघणाऱ्या साक्षीदारालाही धड सांगता आला नाही. अशा पुस्तकातल्या रंगांपुढे टिंब टिंब देऊन एकेक अर्थ कसा लिहायचा?

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो घुबडासारखा चष्मा घातलेला माणूस. त्याला नाव नाही. पार्टीत तो गॅट्सबीच्या लायब्ररीत बसलेला सापडतो आणि पुस्तकं पुठ्ठ्याची नसून खरी आहेत याचंच त्याला नवल वाटत असतं. मात्र त्यांची पानं कापलेली नाहीत, म्हणजे वाचलेली नाहीत, हेही त्यानेच पाहिलं आहे. शेकडो लोक त्या घरी खाऊन-पिऊन गेले. अंत्यविधीला त्यांतला हा एकटा आला, भर पावसात, उशिरा. फाटकाशी उभा राहून तो चष्मा काढतो आणि पुसतो, बाहेरून आणि आतून.

हे ‘आतून’ मी मुलीला थांबून दाखवलं. पावसात चष्मा भिजतो तो बाहेरून. दुकानात येणारी दहातली नऊ माणसं पदराने, शर्टाच्या टोकाने बाहेरचीच बाजू पुसतात आणि म्हणतात, अजून अंधुकच दिसतंय. मी काच उलटी करून दाखवते. आतल्या बाजूला पापण्यांचा तेलकटपणा असतो, श्वासाची वाफ असते, आणि माणूस रडला असेल तर ते पाणीही तिथेच असतं. तो माणूस रडला असं फिट्झगेराल्डने कुठेही लिहिलेलं नाही. त्याने फक्त एक शब्द जास्त लिहिला. हे ऐकल्यावर ती मुलगी गप्प झाली आणि तिने ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. चौकटीत या चष्म्याचं नावही नाही.

संपादक महाराज, आपली पुरवणी हजारो मुलं वाचतात, शिक्षकही वाचतात. कृपा करून पुढच्या वेळी अशा लेखाखाली ‘याचा अर्थ काय’ अशी यादी न देता, ही वस्तू कुणाला दिसते, कुठून दिसते, किती वाजता दिसते, एवढे प्रश्न छापा आणि सोबत मूळ पुस्तकातला एखादा उतारा मराठीत आणून द्या. जागा तेवढीच लागेल. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे. नंबर काढताना मी गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं आधी सांगत नाही, सांगितली तर त्याला काय दिसतंय ते मला कधीच कळणार नाही.

मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आपली चौकट तिच्या वहीत अजून डकवलेली आहे, मी ती काढू दिली नाही, मार्कांसाठी लागेल. तिसऱ्या ओळीखाली मात्र तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं आहे : इथे विल्सन राहतो. त्याचं गॅरेज आहे.

आपली,
एक वाचक
लालबाग, मुंबई