इथली राय आणि आपला ताग

ती. अप्पा आणि आई, सा. न.

परवा फोनवर अप्पा विचारत होते की तिकडं थंडीत रानात करता तरी काय, तेवढ्यात रेंज गेली आणि विषय राहिला, म्हणून लिहूनच टाकतो.

इथं आयोवात मका नाहीतर सोयाबीन, तिसरं काही नाही. ऑक्टोबरात काढणी उरकली की पार मेपर्यंत रान उघडं. मग मक्याचं उरलेलं आणि काळ्या मातीतनं आपसूक सुटणारं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं, आणि खाली तीन-चार फुटांवर निचऱ्याचे पाईप, आपल्या शिरोळकडं क्षारपड रानात घालतात तसलेच, त्यातनं थेट ओढ्याला आणि नदीला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचं नत्र लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. 2025 च्या जूनमध्ये डे मॉइन शहरात लॉनला पाणी घालायला बंदी केली होती, नदीत नायट्रेट इतकं की साफ करणारी यंत्रं पुरी पडेनात. आणि एवढं युरियाला पैसे घालणारे आपण शेतकरी!

म्हणून आमचा मालक काढणी झाली की राय पेरतो. आई, राई म्हणजे मोहरी नव्हे गं, गव्हाच्या जातीतलं आहे. गोठायला आलेल्या थंडीतही उगवतं, बर्फाखाली गप्प पडून राहतं, मार्च-एप्रिलात उसळतं आणि सुटं नत्र ओढून अंगात धरतं. वर पीकविम्यात एकरी 5 डॉलर सूट.

पण अप्पा, आपण हिरवळीच्या खताला गाडतो त्या तागाचा हिशोब इथं लावू नका. ताग हवेतलं नत्र आणतो, राय फक्त जमिनीतलं राखते. मागच्या वर्षी पाऊस लागून राहिला, वाफसाच येईना, राय कमरेला लागली, मग मारली आणि लगेच मका टोकला तर मका पिवळाधमक. जून झालेलं काड कुजवायला जिवाणूंनी मातीतलंच नत्र खाल्लं. फुलोऱ्यापुढं ताग जाऊ देऊ नका म्हणून तुम्ही ओरडायचा ना, तेव्हा मला ती नुसती कटकट वाटायची. यंदा गुडघ्याला यायच्या आतच मारली, पेरणीला अजून 2 आठवडे आहेत. सोयाबीनच्या रानात उशीर झाला तरी एवढं बिघडत नाही, ते आपलं नत्र आपण करतं.

खालच्या रानातला उसाचा खोडवा मोडला का? तागाचं बी मिळालं नसेल तर धैंचा बघा, पण मोकळं नका ठेवू. आणि फुलोरा दिसला की फोटो टाका.

तुमचा,
बाळू