जळगाव–धुळे मार्गावर सूर्यमाला उभारावी

संपादक महोदय,

चौक सुशोभीकरणाचा निधी आला की आपल्या खान्देशात बहुधा सिमेंटची बैलजोडी, केळीचा घड किंवा कारंजे उभे राहते. (कारंजे किती दिवस उडते, हा वेगळा विषय.) त्यातील काही निधी सूर्यमालेच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीवर खर्च व्हावा, अशी माझी सूचना आहे.

शाळेतील तक्त्यावर आठही ग्रह खांद्याला खांदा लावून बसवलेले असतात, कारण आकार आणि अंतरे एकाच प्रमाणात दाखवायची तर कागद पुरत नाही. स्वीडनमध्ये यासाठी स्टॉकहोमच्या गोलाकार क्रीडागृहाला सूर्य मानून, दोन कोटीस एक या प्रमाणात, गुरू सुमारे ४० किलोमीटरवर आर्लांडा विमानतळापाशी, तर प्लूटो ३०० किलोमीटरवर मांडला आहे.

आपल्याला पाच कोटीस एक हे प्रमाण सोयीचे पडेल. जळगावातील एखाद्या मैदानात २८ मीटर व्यासाचे वर्तुळ फरशीने आखले की सूर्य झाला. तेथून तीन किलोमीटरवर, शहरातच, २५ सेंटिमीटरची पृथ्वी आणि तिच्यापासून पावणेआठ मीटरवर सात सेंटिमीटरचा चंद्र येईल. लघुग्रहांचा पट्टा साधारण गिरणेच्या पुलाच्या आसपास पडतो. पावणेतीन मीटरचा गुरू पाळधीच्या थोडा पुढे, शनी एरंडोलला, युरेनस पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यापाशी आणि सूर्यापासून ९० किलोमीटरवरचा नेपच्यून थेट धुळ्यात, राजवाडे संशोधन मंडळाच्या परिसरात ठेवता येईल. हा महामार्ग जणू या हिशेबानेच आखलेला आहे.

या प्रमाणात प्रकाशाचा वेग ताशी साडेएकवीस किलोमीटर, म्हणजे दमदार सायकलस्वाराइतका होतो, आणि धुळ्याला पोहोचायला प्रकाशाला चार तासांहून अधिक लागतात. आपली एसटी त्याला सहज मागे टाकते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा मात्र याच मापाने आठ लाख किलोमीटरवर, खऱ्या चंद्राच्या दुपटीहून दूर जातो.

महामार्गाच्या कडेला गोल उभारू नयेत. वाहनचालकांचे लक्ष विचलित होऊन अपघात होतील. शक्य तेथे बसस्थानकांच्या आवारात ते ठेवल्यास गाडीची वाट पाहणारे विद्यार्थी आणि शेतकरी निवांत पाहू शकतील. प्रत्येक गोलापाशी नाव, व्यास आणि सूर्यापासूनचे अंतर सांगणारा मराठी-अहिराणी फलक पुरे. उद्घाटकांच्या नावांची पाटी मात्र पृथ्वीच्या गोलाहून मोठी नसावी, एवढी अट निविदेतच घालावी.

आपला,
एक वाचक, एरंडोल (जि. जळगाव)