मनू, तारीख घेतलीस का?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "एचपीव्ही पॉझिटिव्ह, टाइप 16" एवढंच सांगितलंस आणि विषय बदललास. पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी, नॉर्मल आहे, मग भिंगातून गर्भाशयमुख बघायच्या त्या कोल्पोस्कोपीची कसली घाई, असंही म्हणालीस. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

आधी हे ऐक, एचपीव्ही म्हणजे एक विषाणू, कॅन्सर नव्हे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांनाच हा विषाणू कधी ना कधी गाठतो, आणि 10 पैकी 9 जणींचा दोन वर्षांत आपोआप जातो. तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. कधी आला, कोणाकडून आला, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. तेव्हा तू आणि निखिल एकमेकांची उलटतपासणी करत बसू नका.

पण त्याचा हा 16 नंबरचा प्रकार चिवट असतो गं. गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कॅन्सर 16 आणि 18 या दोघांमुळेच होतात, म्हणून तर पॅप नॉर्मल असूनही कोल्पोस्कोपी सांगितली. विषाणूवर औषध नाही, बदललेल्या पेशी मात्र वेळीच काढता येतात. त्यांचा कॅन्सर व्हायला सहसा 15 ते 20 वर्षं लागतात. एवढा अवधी असतो आणि बायका तो 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत घालवतात. सुनंदाआत्यानेही... जाऊ दे.

तपासणी पॅपसारखीच, जरा जास्त वेळाची. गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, बदललेला भाग पांढरा दिसतो. वाटलंच तर तिथला कणभर तुकडा घेतात. चुरचुरतं, थोडी कळ येते, बस. आणि ती सिगरेट सोड, तिच्यामुळे शरीराला हा विषाणू हटवणं जड जातं. झालं माझं भाषण सुरू! रागावू नकोस.

शाळेत लस टोचायला आले होते, तेव्हा रडणाऱ्या बंटीला मागे सारून तू आधी स्वतःचा दंड पुढे केलास. सुई आत जाताना डोळेसुद्धा मिटले नाहीस. मी ते अजून चारचौघांत सांगते. आणि तीच तू आता टाळाटाळ करतेस, म्हणून मला जास्त भीती वाटते.

बाबांना काही बोललेले नाही, ते तुझं तू ठरव. मी येऊ का सोबत? बाहेर बसेन, काही विचारणार नाही. एकटीने जायचं असेल तर तसं. तारीख मात्र आजच घे आणि मला कळव.

तुझी,
आई