पत्र्याची कड आधी बघा

महोदय,

हिंगणा एमआयडीसीत मी 22 वर्षांपासून शेडचे पत्रे बसवतो. मागच्या महिन्यात एका कारखान्यात गळतीसाठी बोलावलं. मालक म्हणाले, "पत्रा तर निळाच्या निळा आहे!" पन्हळीजवळची कड नखाने खरवडली, तर रंगाचा पापुद्रा बोटभर उलगडत आला. खाली तांबूस भुगा.

रंगीत पत्र्यावर जस्त आणि रंग दोन्ही असतात, पण कापलेल्या कडेला लोखंड उघडंच राहतं. पत्र्यावर पत्रा चढतो त्या फटीत पाणी ओढलं जातं, लवकर सुकत नाही. गंज तिथूनच आत सरकतो. ग्राइंडरने कापलेली कड तर आणखी लवकर जाते, कारण उष्णतेने लेप जळतो.

लोक वरून रंग मारून मोकळे होतात. त्याने गंज फक्त झाकला जातो. सुटलेला रंग पूर्ण काढा, चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा, गंजरोधक प्रायमर द्या, सांधा सीलंटने भरा, मग वरचा थर. भोकं पडली असतील तर पत्राच बदला. काम पावसाळ्याआधी, सकाळच्या वेळी उरका. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही. आणि कृपा करून, गंजक्या पत्र्यावर पोरांना चढवण्याआधी फळ्या टाका, पट्टा बांधायला लावा.

– एक पत्रा फिटर, हिंगणा मार्ग, नागपूर