खोक्यावरच्या एका आकड्याने भागणार नाही

मा. दूरसंचार मंत्री,
सादर नमस्कार.

मोबाइलमधून निघणारी रेडिओ ऊर्जा शरीराच्या ऊती किती शोषतात, हे एसएआर (विशिष्ट शोषण दर) या आकड्यावरून कळते. ग्राहकाच्या हाती हा एकच आकडा पडतो, तो कसा निघाला हे मात्र त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलचा पूर्ण चाचणी अहवाल जाहीर करणे सक्तीचे करावे, अशी आमची मागणी आहे.

मर्यादेचेच पाहा. अमेरिका आणि भारतात ती 1.6 वॅट प्रति किलो आहे, 1 ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर. युरोपात 2 वॅट, पण 10 ग्रॅमच्या सरासरीवर. 1 ग्रॅमचा घन साधारण 10 मिलिमीटर बाजूचा, 10 ग्रॅमचा साडेएकवीस. ऊर्जा पृष्ठभागालगत जास्त असते आणि आत झपाट्याने घटते, त्यामुळे मोठ्या घनाची सरासरी कमी भरते. फोन तोच असला तरी हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होऊ शकत नाही.

प्रत्यक्ष मापनात डोक्याच्या आकाराचे, 2 मिलिमीटर जाडीचे कवच घेतात आणि त्यात ऊतींसारखे विद्युत गुण असलेला द्रव किमान 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत भरतात. फोन बाहेरून गालाला टेकवतात, मग 15 अंश कलवतात. डावी-उजवी दोन्ही बाजू. द्रवाचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा) 900 मेगाहर्ट्झला 41.5 आणि वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) 0.97 सीमेन्स प्रति मीटर हवी. 2450 मेगाहर्ट्झला 39.2 आणि 1.80. झाकण उघडे राहिले की पाणी उडते आणि हे गुण सरकतात. तापमान 18 ते 25 अंशांत राहायला हवे आणि चाचणीदरम्यान 2 अंशांपेक्षा जास्त बदलता कामा नये. कानाच्या खोलगट भागात अडकलेला हवेचा बुडबुडा नेमक्या महत्त्वाच्या जागचे वाचन बिघडवतो.

रोबोटच्या हातातला प्रोब, म्हणजे संवेदक बसवलेली बारीक सळई, द्रवातले विद्युतक्षेत्र मोजतो. या क्षेत्राचा वर्ग गुणिले वाहकता, भागिले घनता, म्हणजे एसएआर. वाहकता जुन्या नोंदीवरून घेतली तर चूक थेट निकालात उतरते. शिवाय प्रोबचे संवेदक टोकाच्या थोडे आत असतात, त्यामुळे कवचाच्या भिंतीलगतचे, म्हणजे सर्वांत मोठे मूल्य मोजता येत नाही. आतल्या वाचनांवरून गणिताने काढावे लागते. वाचने विरळ घेतली की हे गणित ढासळते. शेवटी प्रोब संदर्भबिंदूवर, म्हणजे सुरुवातीला वाचन घेतलेल्या जागी, परत नेतात. तिथे 5 टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर फोनची शक्ती मध्येच बदलली असे समजून चाचणी पुन्हा घ्यायला हवी.

म्हणून अहवालात त्या दिवशी मोजलेले द्रवाचे गुण व तापमान, प्रमाण डायपोलवरची (ज्याचे मूल्य आधीच ठाऊक आहे अशा अँटेनावरची) तपासणी (अपेक्षित मूल्याच्या 10 टक्क्यांच्या आत), प्रत्येक फ्रिक्वेन्सी पट्ट्याचे सर्व निकाल आणि मापनातील अनिश्चितता हवी. ही अनिश्चितता 30 टक्क्यांपर्यंत असू शकते. मर्यादेला टेकलेला आकडा वाचताना तिचे भान ठेवावेच लागते. शरीरालगतच्या चाचणीत फोन आणि कवच यांत किती अंतर ठेवले, हेही छापलेच पाहिजे.

दुसरी मागणी: कंपनीने पाठवलेल्या नमुन्यावर विसंबू नका, दुकानातून विकत घेतलेले फोन तपासा. 2023 मध्ये फ्रान्सच्या नियामकाने बाजारातला आयफोन 12 असाच तपासला. धडासाठीच्या चाचणीत तो फोन मर्यादेत होता, पण हात-पायांसाठीच्या चाचणीत 4 वॅटच्या मर्यादेसमोर 5.74 भरले. फ्रान्समधली विक्री थांबली आणि सॉफ्टवेअर बदलावे लागले. सॉफ्टवेअर अपडेटने प्रक्षेपणशक्ती बदलत असेल, तर त्या अपडेटनंतरही फेरचाचणी बंधनकारक असावी.

आपले,
रेडिओ मापन क्षेत्रातील अभियंते