महाराज आयकतात काय?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोळ्याच्या आधीच आलं होतं. पण कपाशीवरची फवारणी, मग झड, मग पोळा, यात उत्तर राहून गेलं. काल ऋषिपंचमी झाली. अर्धं गाव गजानन महाराजांच्या पुण्यतिथीला शेगावला गेलेलं आहे, अजून परतलं नाही. म्हणून आज सवड आहे.

काकू नातवासाठी पुन्हा विजयग्रंथाचं, महाराजांच्या चरित्राच्या पोथीचं, पारायण लावायचं म्हणतात आणि तू चिडून विचारतोस, काकांच्या वेळीही एकवीस अध्याय झाले होते, तेव्हा कुठे ऐकलं? १९१० साली समाधिस्थ झालेल्या महाराजांना आता आपलं गाऱ्हाणं ऐकू जातं काय?

ऐकू जात असावं, असं मी मानतो. सिद्ध करून दाखव म्हणशील तर जमणार नाही. मी गेलो असं समजू नका, इथेच आहे, हे महाराजांचं सांगणं पोथी लिहिणाऱ्या दासगणूंनी तीत दिलं आहे, आणि शेगावच्या रांगेत उभा असलेला माणूस त्याच भरवशावर उभा असतो. पण ऐकणं वेगळं आणि आपण सांगू ते काम करून देणं वेगळं. आपल्याकडं या दोन्हींची पार सरमिसळ झाली आहे.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी ते एकनाथांच्या स्वप्नात आले, अशी कथा आहे. आले ते काय घेऊन? समाधीजवळच्या अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागते आहे, येऊन काढ, हे सांगायला! नाथ पैठणहून आळंदीला गेले आणि पुढे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तुकोबांचंही तसंच. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायचं काम सांगून गेले, हे तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे. म्हणजे गेलेले संत बोलतात, पण बहुतेक वेळा आपल्यालाच कामाला लावतात. तुझ्या घरी कोणाच्या स्वप्नात महाराज येऊन म्हणाले का, की विहिरीचा गाळ काढ? आपल्याला ते स्वप्न नकोच असतं.

आपल्या अमरावतीकडचे गुलाबराव महाराज तर लहानपणीच आंधळे झालेले. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी म्हणवायचे, मंत्रही त्यांच्याकडूनच मिळाला असं सांगायचे. मधली सहाशे वर्षं त्यांच्या हिशेबातच नव्हती. बापाकडं नवस कोण बोलतं?

आता मध्यस्थीचं. तुझ्या शाळेतल्या दोन ख्रिस्ती मास्तरांचा वाद तू लिहिलास, तो मला फार आवडला. प्रोटेस्टंट मास्तर म्हणतात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे, मग मेलेल्यांना हाक कशाला? कॅथलिक मास्तर म्हणतात, शेजाऱ्याला आपण सांगतोच ना, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून, मग जे देवाजवळ पोचले त्यांना का सांगू नये? त्यांच्यात हा वाद सोळाव्या शतकापासून चालू आहे, आपण दोघं काय मिटवणार! पण कॅथलिक मास्तरांचं बोलणं वारकऱ्याला परकं वाटायचं नाही. तुकोबा संतांना हेच विनवतात, की पांडुरंगाला माझी आठवण द्या, माझी कीव सांगा, तुम्ही शब्द टाकलात तर हरी मला टाकणार नाही. मात्र मागितलं काय ते बघ. आठवण राहू दे, पायांपासून दूर करू नको, बस्स. नवसानं पोरं होत असतील तर नवरा कशाला हवा, असं विचारणारेही तेच. आपण संताला बाजार समितीतला अडत्या करून टाकलं, भाव पाडून दे, तुझी अडत देतो.

गाडगेबाबा कीर्तनात याच नवसांवर तुटून पडायचे. पाया पडू द्यायचे नाहीत, माझा कोणी शिष्य नाही म्हणायचे. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. त्यांना आज काय मागायचं? मागायला गेलं तर झाडू हातात देतील.

मला स्वतःला मोझरीची मौन श्रद्धांजली पटते. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं असतील तिथे उभी राहतात. त्या वेळी कोणी काही मागत नाही. एवढ्या गर्दीत मागणं बंद पडतं, हे मला अजून नवल वाटतं.

काकांचं सांगायचं तर, पारायण कमी पडलं नाही आणि महाराजही बहिरे झाले नाहीत. काकांचा आजार फार पुढं गेला होता, डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. हे काकूंना ठाऊक आहे. तरी त्या वाचतात, कारण रात्री दोन वाजता दुसरं कोणाशी बोलणार? तेव्हा पारायणाला आडवा येऊ नको. नातवाच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत, आणि नवस बोलायचा नाही एवढं समजावून सांग. पोराला बरं वाटलं नाही, तर त्या माउलीला उगीच वाटत राहील की आपलंच काही चुकलं.

समाप्तीला मी येतो. पिठलं-भाकर करा, पंगतीचा घाट घालू नका. तुझा मूग निघाला असेल तर दोन पायल्या ठेव, इकडं झडीत सगळा काळा पडला.

तुझाच,
गाववाला